चाकाचं वजन किती?

परवा रात्री साडेअकराला मावसभावाचा मेसेज आला. आधी एक फोटो आणि मागोमाग, "दादा, कसे वाटतायत? सेटचे ३४ हजार म्हणतोय, ३२ ला देईल. शनिवारी ॲडव्हान्स देतोय." फोटोत दुकानाच्या ट्यूबलाइटखाली भिंतीला टेकवून ठेवलेले चार अलॉय. १७ इंची, ब्राँझ रंगाचे, सहा जाड स्पोकवाले. पठ्ठ्याने दोन महिन्यांपूर्वी वापरलेली पोलो जीटी टीएसआय घेतलीय. पहिल्या नोकरीतले साठवलेले पैसे आणि वर थोडं कर्ज. लाल रंग, आधीच्या मालकाने नीट सांभाळलेली. आणि आता चाकं.

मी विचारलं, "वजन किती?"

"कोणाचं?"

"चाकाचं रे."

पाच मिनिटं काहीच नाही. मग, "विचारलं नाही. पण दिसतात भारी ना?"

दिसतात भारी, यात वादच नाही. आणि "चाकं काय, चाकं ती चाकं, पैसे एफडीत टाक" असं म्हणणाऱ्या मंडळींपैकी मी नाही. ती मंडळी स्वतः पन्नास हजारांचा फोन घेऊन त्यावर फक्त व्हॉट्सॲप बघतात, त्यांचं सोडा. गाडी हौसेने घेतली असेल तर हौसेने सजवावी. पण चाकं घ्यायला गेलेला माणूस डिझाइन विचारतो, रंग विचारतो, इंच विचारतो, किंमतीत घासाघीस करतो आणि जो प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा तो विचारतच नाही. भाजीवाल्याकडे पावशेर मिरच्यांचं वजन डोळ्यात तेल घालून बघणारे आपण, ३४ हजारांची वस्तू न तोलता घेतो.

गंमत म्हणजे मावसभावाने पाठवलेलं डिझाइन ज्याची नक्कल आहे, त्या चाकाच्या नावातच त्याचं वजन आहे. रेझ या जपानी कंपनीचं व्होल्क रेसिंग टीई३७, १९९६ साली आलेलं. टीई म्हणजे टूरिंग इव्होल्यूशन आणि ३७ म्हणजे ३.७ किलो, १५ इंची, सहा इंच रुंद चाकाचं वजन. ते फोर्ज केलेलं आहे, म्हणजे ॲल्युमिनियमचा ठोकळा प्रचंड दाबाखाली दाबून घडवलेलं. साच्यात ओतलेलं नाही. त्या सहा स्पोकचा आकार जगभर कॉपी झाला, आपल्याकडे तर गल्लोगल्ली. फक्त कॉपी करताना आकार उचलला आणि ३७ चा अर्थ तिथेच राहिला. आपल्याकडे ३४ हजारांत चार मिळणारी १७ इंची नक्कल ओतीव असते. माझ्याकडे होती ती एकेक साडेदहा किलोच्या पुढे भरायची.

हो, माझ्याकडे होती. म्हणून तर हा उपदेश.

मी २०१५ साली हीच गाडी घेतली होती, नवी. तेव्हा पोलो इथेच चाकणला बनायची (२०२२ मध्ये भारतात ती बंद झाली, त्या दिवशी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर शोकसभा भरली होती). १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी. दोन वर्षं मूळच्या १५ इंची चाकांवर सुखात गेली. मग ऑफिसच्या पार्किंगमध्ये शेजारी एक उभी राहायला लागली, १७ इंचांवर. रोज सकाळी तिच्या बाजूला माझी म्हणजे लग्नात चप्पल घालून आल्यासारखी दिसायची. सहा महिने दम धरला. मग बोनस आला आणि नाना पेठेतल्या एका दुकानात जाऊन चाकं, टायर, फिटिंग, सगळं मिळून बासष्ट हजारांना उडवून आलो. दुकानदार म्हणाला, "साहेब, डायरेक्ट फिट. काही करायला नको." सोमवारी गेटवरचा सिक्युरिटीवाला "सर, नवी गाडी?" म्हणाला आणि पैसे तिथेच वसूल झाले.

वर्षभर सगळं छान होतं. छान म्हणजे, वाकडच्या पुलावरचे सांधे मोजता यायला लागले. आधी जो रस्ता नुसता रस्ता होता त्यात आता किती पॅचेस आहेत ते कळायला लागलं. बायको म्हणाली, "गाडी आवाज करते." मी म्हटलं, "स्पोर्टी आहे."

जुलै २०१८. आई-बाबांना घेऊन साताऱ्याला आत्याकडे निघालो होतो. पाऊस मी म्हणत होता. खंबाटकी घाट उतरून खाली आलो, सुरूर फाटा दोन-तीन किलोमीटरवर असेल. डाव्या लेनमध्ये पाण्याने भरलेला खड्डा, दिसलाच नाही. साधारण सत्तरचा वेग. असा आवाज आला की बाबा म्हणाले, "काहीतरी तुटलं." दोन मिनिटांत स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. उतरून बघितलं तर पुढचा डावा टायर बसलेला, बाजूच्या भिंतीला बोटभर चीर, आणि रिमची आतली कड आत दबलेली. दबलेल्या जागेपासून एक बारीक रेघ वर गेली होती. तडा.

ठीक आहे, स्टेपनी आहे. बाबांनी छत्री आणि टॉर्च धरला, मी जॅक लावला, चाक काढलं, स्टेपनी चढवली आणि पहिला बोल्ट हातात घेऊन थांबलो. स्टेपनी कंपनीची, लोखंडी. तिच्या भोकाची बैठक वाटीसारखी गोल. माझ्या हातातला बोल्ट मात्र शंकूसारखा निमुळता. गोल वाटीत शंकू बसत नाही, फक्त कडेला टेकतो. नव्या अलॉयना शंकूच्या बैठकीचे बोल्ट लागत होते म्हणून दुकानदाराने ते दिले होते (याबद्दल त्याला मार्क द्यायला हवेत, कित्येक जण तेवढंही करत नाहीत). कंपनीचे वीसच्या वीस बोल्ट त्याने एका पिशवीत बांधून माझ्या हातात ठेवले होते. आणि ती पिशवी कोथरूडला, घरातल्या ड्रॉवरमध्ये, जुन्या चार्जरांच्या खाली होती.

तसेच आवळून चाळीसच्या वेगाने जाता आलं असतं का? कदाचित. बहुतेक पोचलोही असतो. पण मागच्या सीटवर आई-बाबा बसलेले असताना, पावसात, हायवेवर, पुढचं चाक पाच चुकीच्या बोल्टवर, हा "बहुतेक" मला झेपला नाही. एका टेम्पोवाल्याने फाट्यापर्यंत सोडलं, तिथून आई-बाबा एसटीने साताऱ्याला गेले. मी तीन तास गाडीत बसून मित्राची वाट बघितली, तो बिचारा पुण्याहून बोल्टची पिशवी घेऊन आला. एसटीत चढताना आई एवढंच म्हणाली, "आधीची चाकं गोल नव्हती का?"

याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

असो. तर "डायरेक्ट फिट" या शब्दांचा अर्थ काय हे मी त्यानंतर नीट समजून घेतलं. आपल्या धंद्यात कसं, लायब्ररी इन्स्टॉल झाली, कंपाइल झाली, म्हणजे चालली असं होत नाही. डिपेंडन्सी जुळायला लागतात. चाकाचंही तसंच. पीसीडी म्हणजे बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास. या पोलोला ५x१००: पाच भोकं, १०० मिमीचं वर्तुळ. हे चुकलं तर चाक चढतच नाही, म्हणून दुकानदार हे बरोबर बघतोच. बाकीच्या तीन गोष्टी चुकल्या तरी चाक चढतं, आणि गोची तिथेच आहे.

मधलं मोठं भोक, सेंटर बोअर, ५७.१ मिमीचं. बाजारातली चाकं बऱ्याच गाड्यांना चालावीत म्हणून ते भोक मोठं ठेवतात, बऱ्याचदा ७३.१. मधली फट भरायला प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची रिंग लागते. रिंग वजन पेलत नाही, तो गैरसमज आहे. भार पेलतं ते बोल्टच्या आवळणुकीने तयार होणारं घर्षण. पण रिंग नसेल तर चाक बसवताना केसभर इकडेतिकडे बसतं आणि मग नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. लोक तीन-तीनदा बॅलन्सिंग करून घेतात आणि दोष टायरला देतात.

मग ऑफसेट, म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून बसायची जागा किती आत-बाहेर आहे ते. चाकावर ईटी म्हणून लिहिलेलं असतं, आइनप्रेसटीफं नावाच्या लांबलचक जर्मन शब्दाचं हे लघुरूप. हिशोब सोपा आहे. समजा मूळ चाक सहा इंच रुंद आणि ईटी ४० आहे. त्याजागी सात इंच रुंद, ईटी ३५ लावलं. रुंदी एक इंचाने वाढली, म्हणजे दोन्हीकडे १२.७ मिमी. ऑफसेट ५ ने कमी झाला, म्हणजे सगळं चाक ५ मिमी बाहेर सरकलं. बाहेरची कड १७.७ मिमी बाहेर आली, आतली ७.७ मिमी आत गेली. एवढ्याने मागे चार माणसं बसल्यावर टायर मडगार्डला घासू शकतो आणि व्हील बेअरिंगवरचा ताण वाढतो. कागदावर दोन ओळींचं गणित. दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर होतं. कोणी करत नाही. मीही केलं नव्हतं.

तिसरी गोष्ट बोल्टची बैठक. त्याबद्दल वर पुरेसं भिजून झालंय. फक्त एवढंच: बाहेरची चाकं लावलीत तर कंपनीचे किमान पाच बोल्ट स्टेपनीबरोबर डिकीत ठेवा. आत्ता, हे वाचताना, उठून ठेवा. आणि बोल्ट टॉर्क रेंचने आवळायला सांगा, या गाडीला १२० न्यूटन-मीटर. दुकानातला पोरगा पाना लावून त्यावर उडी मारतो ते मोजमाप नव्हे. नवीन चाकं लावल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरने परत एकदा तपासून घ्या.

आता वजनाकडे. अपघातानंतर (अपघात म्हणवत नाही, पण दुसरा शब्द नाही) मी विमानप्रवासाला बॅगा तोलायचा तो हुकवाला काटा घेऊन दोन्ही चाकं टायरसकट तोलली. मूळ १५ इंची साधारण सोळा किलो. १७ इंची वीस किलोच्या थोडं वर. म्हणजे एका चाकाला चार किलो, चार चाकांना सोळा.

इंटरनेटवर एक लोकप्रिय थाप आहे: चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो. बारावीचं फिजिक्स आठवून बघा. चाक पुढेही जातं आणि फिरतंही, त्यामुळे वेग देताना त्याचं वजन जास्त भासतं हे खरं. पण सगळंच्या सगळं वस्तुमान टायरच्या अगदी बाहेरच्या कडेला असतं तरी ते फार तर दुप्पट भासेल, त्याहून जास्त नाही. रिमचं वस्तुमान बरंच आत असतं, त्यामुळे खरा आकडा दीडपटीच्या आसपास. म्हणजे माझे वाढलेले सोळा किलो इंजिनाला चोवीस किलोसारखे भासत होते. पाठीवर दप्तर घेतलेला एक शाळकरी पोरगा. अकराशे किलोची गाडी आणि आत दोन माणसं धरली तर दोन टक्के. दहा सेकंदांत शंभर गाठणाऱ्या गाडीला दोन दशांश सेकंद. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

मग मी वजन वजन का करतोय? कारण इंजिनाला दोन टक्के असलेलं तेच वजन सस्पेन्शनला दोन टक्के नसतं. स्प्रिंगच्या खाली जे काही लटकतं, म्हणजे चाक, टायर, ब्रेक, हब, ते एका कोपऱ्याला धरा तीस-पस्तीस किलो. त्यात चार वाढले म्हणजे दहा टक्क्यांच्या वर गेले. खड्डा आला की हे सगळं वर उडतं आणि शॉक ॲब्सॉर्बरला ते परत रस्त्यावर आणून टेकवायचं असतं. तो शॉक ॲब्सॉर्बर कंपनीने हलक्या चाकासाठी ठरवलेला. जड चाक उशिरा खाली येतं, जास्त जोराने आदळतं. आणि जितका वेळ टायर हवेत, तितका वेळ ना ब्रेक ना स्टिअरिंग. पाषाण रोडसारख्या बऱ्या रस्त्यावर हे कळत नाही. पावसाळ्यात ताम्हिणीला जाऊन बघा.

शिवाय भिंत. १८५/६० आर१५ म्हणजे टायरची रुंदी १८५ मिमी आणि बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ६० टक्के, १११ मिमी. एकूण व्यास ६०३. तेवढाच व्यास १७ इंचांवर ठेवायचा तर २१५/४० लागतो आणि तिथे भिंत उरते ८६ मिमी. खड्ड्याची कड आणि तुमची रिम यांच्यामधली उशी पंचवीस मिमीने पातळ झाली. मान्य, वळणावर स्टिअरिंग जास्त चटकन लागतं, ते मला आवडलंही होतं. युरोपात जीटीआय याच साइजवर पळायची आणि छान पळायची. पण तिथल्या रस्त्यावर जुलैमध्ये तळी साचत नाहीत.

मग करायचं काय? माझं मत विचाराल तर पंधरावर राहा आणि पैसे टायरमध्ये घाला. जमिनीला चिकटतो तो टायर, रिम नाही. त्याच मूळ सहा इंची रिमवर १९५/६० आर१५ बसतो. व्यास ६१५, दोन टक्क्यांनी जास्त, चालून जातं, आणि गाडी सहा मिमी वर उचलली जाते हा बोनस. चांगल्या कंपनीचे घ्या. लोड इंडेक्स मूळपेक्षा कमी नको (८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो, ८८ म्हणजे ५६०). आणि भिंतीवरचा चार आकडी कोड वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. "फ्रेश स्टॉक आहे साहेब" ऐकून दोन वर्षं गोदामात पडलेले टायर मी स्वतः घेतलेत.

दिसण्यासाठी मोठं हवंच असेल तर सोळा, त्याच्या वर नाही. नंतरच्या जीटींना कंपनीनेच १९५/५५ आर१६ दिले होते. व्यास ६२१, भिंत १०७ मिमी, म्हणजे मूळपेक्षा जेमतेम चार मिमी कमी. ते चाक या गाडीसाठीच बनलंय. भोक, बैठक, ऑफसेट सगळं जुळतं आणि स्टेपनीचा बोल्टही तोच. असे वापरलेले सेट मिळतात. घ्यायच्या आधी टायर काढून नुसती रिम बॅलन्सिंग मशीनवर फिरवायला लावा आणि आतली कड डोळ्याच्या रेषेत धरून बघा, डुलते का. आतल्या बाजूला कुठे आर्गन वेल्डिंगची उंचवट्याची रेघ दिसली किंवा आतूनच ताजा रंग मारलेला दिसला तर हात जोडून निघा. वाकलेली रिम सरळ करून मिळते, तडा गेलेली जोडूनही मिळते. जोडलेल्या चाकावर मी आई-बाबांना बसवणार नाही.

आणि खिसा खोल असेल तर मग खरी हलकी चाकं घ्या. एन्कायचं आरपीएफ१, १५ इंची सात रुंद, साडेचार किलोच्या आसपास आहे. (हीच एन्काय शिक्रापूरला कारखाना टाकून आपल्या गाड्यांसाठी चाकं बनवते, नगर रोडला जाताना बघितला असेल.) अर्थात पोलोच्या पाच भोकांत प्रत्येक मॉडेल, प्रत्येक साइज मिळत नाही, आधी शोधा आणि मग स्वप्नं बघा.

ओतीव चाक वाईट असतं असा समज करून घेऊ नका. कंपनीतून येणारी बहुतेक अलॉय ओतीवच असतात. फरक ओतण्यात आणि तपासणीत आहे. चाकाच्या मागे जेडब्ल्यूएल हा जपानी मानकाचा शिक्का बघा, पण एकट्या त्यावर जाऊ नका, तो बनवणाऱ्याने स्वतः ठोकायचा असतो. शेजारी व्हीआयए असेल तर बाहेरच्या संस्थेने तपासलंय. आपल्याकडे आयएस १६१९२ हे मानक आहे, आयएसआयचा शिक्का शोधा. नक्कल करणारा चाकाची नक्कल करतो तिथे शिक्क्याची करणार नाही असं नाही, म्हणून मी शिक्क्याबरोबर बिल मागतो. पक्कं, जीएसटीवालं, कंपनीचं आणि मॉडेलचं नाव घातलेलं. "बिल कशाला साहेब, अठरा टक्के वाचतील" हे वाक्य ऐकलं की चाकाबद्दल जे कळायचं ते कळतं.

कायद्याचंही थोडं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलंय. चाकावरून कुणी अडवलेलं मी पाहिलं नाही, पण क्लेमच्या वेळी सर्व्हेअर बघतो. त्यामुळे त्या मॉडेलला कंपनीने दिलेल्या साइजमध्ये राहा आणि बाहेरची अलॉय लावलीत तर विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या. माझी नव्हती. एक चाक, एक टायर, दोन्ही खिशातून गेले.

हे सगळं मी मावसभावाला रात्री एक वाजेपर्यंत फोनवर ऐकवलं. तो शांतपणे ऐकत होता, म्हणजे बहुतेक रील्स बघत होता. शेवटी म्हणाला, "दादा, पण तू पण लावलेच होतेस ना?" म्हटलं, शनिवारी मी येतो तुझ्याबरोबर, आणि येताना काटा आणतो.

काल गेलो. दुकानदार बाप्या माणूस, साठीचा. मी बॅगेतून काटा काढला तसा तो हसायलाच लागला. "साहेब, सोनं घेताय काय?" पण अडवलं नाही. हूक स्पोकमध्ये अडकवून उचललं: १०.८. मग तो स्वतःच म्हणाला, थांबा, आणि आतून एका गिऱ्हाइकाने बदलून ठेवलेलं कंपनीचं १५ इंची घेऊन आला. ते आठच्या आत भरलं. मावसभावाने दोन्ही हातांत एकेक चाक धरलं, नुसतं असंच, आणि काही बोलला नाही. काका काट्याकडे बघत म्हणाले, "इतकी वर्षं दुकान आहे, पण चाक तोलणारा तुम्ही पहिला." मग चहा मागवला आणि हळूच म्हणाले, सोळाचा ओरिजिनल सेट हवा असेल तर नंबर ठेवून जा, महिन्यात एखादा येतो.

नंबर ठेवून आलो. ॲडव्हान्स दिला नाही. मावसभाऊ परतताना गाडीत थोडा खट्टू होता, त्याने ब्राँझ रंगाचा फोटो मोबाइलवर वॉलपेपर म्हणून ठेवलाय, ठेवू दे. काटाही त्याच्याकडेच राहिलाय. पुढच्या महिन्यात आम्हाला दिल्लीला जायचंय, त्याआधी परत मागायला हवा.